बुवा दम घेतो तेव्हा

"काकू, ती गप्प झाली की तुम्ही का वाजवता?"

समृद्धीने हे भांडायला म्हणून विचारलं नव्हतं. तिला खरोखरच कळत नव्हतं, आणि म्हणूनच ते मला झोंबलं. शुक्रवारची दुपार, रविवारच्या खेळाची तालीम, पनवेलच्या एका वाचनालयाचा हॉल, खिडक्यांवर टाचलेल्या काळ्या चादरी, आणि पडद्यावर ओठ किंचित विलग करून थिजलेली एक युक्रेनियन बाई, कारण समृद्धीने फिल्म नेमकी तिथे थांबवली होती. मी वाचनालयाच्या जुन्या कीबोर्डच्या पट्ट्यांवरचे हात काढून मांडीवर ठेवले. "म्हणजे काय?" मी म्हटलं. "गप्प झाली म्हणूनच वाजवते. बोलत असताना वाजवलं तर तिच्या बोलण्यावर नाही का जाणार?" उत्तर माझ्या मते बिनतोड होतं. समृद्धीने मान हलवली, लॅपटॉपशी काहीतरी खुडबुड केली आणि म्हणाली, "हो, पण ते गप्प बसणं पण तिचंच आहे ना." मग माझा चेहरा बघून घाईघाईने, "असू दे, काकू. तुम्हाला सुचेल ते वाजवा. रविवारी छानच होईल." छानच होईल. माझ्या क्लासातल्या ज्या मुलांना काही केल्या ताल कळत नाही, त्यांच्या आयांना मी हेच सांगते.

समृद्धी खारघरची. पोलंडला सिनेमा शिकायला गेली होती. युद्ध सुरू झालं तेव्हा सरहद्दीजवळच्या एका गावात, शाळेच्या व्यायामशाळेत, युक्रेनमधून आलेल्या बायका-मुलांची सोय केली होती. तिथे ही चहा वाटायला म्हणून गेली आणि मग कॅमेरा घेऊन तिथलीच होऊन बसली. त्यातून ही फिल्म. तिला संगीत मुद्दामच घातलेलं नाही. जिथे फिल्म दाखवायची तिथलाच पियानोवाला शोधायचा, त्याने पडद्याशेजारी बसून समोर दिसेल तसं वाजवायचं, अशी तिची कल्पना. "गाव बदललं की फिल्म बदलते, काकू." असली वाक्यं तिच्याकडे पुष्कळ आहेत. पनवेलमध्ये पियानोवालं माणूस कोण म्हणून चौकशी केली तर फिल्म क्लबच्या सत्यजीत सरांनी माझं नाव सांगितलं. करंजाड्याच्या माझ्या फ्लॅटच्या पुढच्या खोलीत मी मुलांना कीबोर्ड शिकवते, परीक्षांना बसवते, लग्नांत, शाळांच्या गॅदरिंगमध्ये, गाणाऱ्या हौशी बायकांच्या मंडळात साथ करते. साथीला कुंदाताई असली की गाणारी निर्धास्त, असं म्हणतात. आणि ही कालची मुलगी मला विचारते, का वाजवता.

तळ्याच्या बाजूने चालत निघाले. रिक्षा मिळत होती, घेतली नाही. चीड आली की मला बसवत नाही. वडाळे तळ्याच्या कट्ट्यावर पेन्शनर बसलेले, मुलं कणसं खात होती, आणि मी मनातल्या मनात समृद्धीला उत्तरं देत चालले होते. बोटं साडीच्या निऱ्यांवर वाजत होती, ही माझी जुनी खोड. उत्तर एकच होतं आणि ते माझं नव्हतंच, माझ्या बापाचं होतं. काशिराम पेटीवाला. उरणच्या कोळीवाड्यात दिवसा होडीवर आणि रात्री भजनात पेटीवर. मी त्याच्या मांडीला मांडी लावून बसायचे, भाता मारायचे, आणि तो माझ्या कानाशी सांगायचा, "पोरी, बुवा दम घेतो ना, तवा पेटी गप नाय बसायची. तवाच तर पेटीचं काम हाय. बुवाचा सूर तुटला तरी आयकनाऱ्याला तुटलेला दिसता नाय कामा." भजन गाणारा बुवा म्हातारा होता, दमेकरी होता, ओळीच्या मध्येच त्याचा श्वास संपायचा. पण माझा बाप अशी काही जागा भरायचा, की बुवा थकलाय हे समोर बसलेल्यांना शेवटपर्यंत कळायचं नाही. घरी येताना बुवा त्याच्या खांद्यावर हात टाकून चालायचा. मला हे फार मोठं वाटायचं. माणसाला उघडं पडू न देणं. पुढे मिशनच्या शाळेतल्या सिस्टरने मला पियानोवर बसवलं, दोन हातांचं वाजवायला शिकवलं, पण मुळात माझे हात पेटीचे. समोरचा थांबला की ते आपोआप धावतात. त्यांना विचारावं लागत नाही.

आणि मग मी कट्ट्याजवळ थांबले, कारण माझ्या लक्षात आलं की मी मघापासून बडबडते आहे. मनात नाही, तोंडाने. शेजारून चालणारी एक बाई माझ्याकडे बघून बाजूला झाली. मी फोन काढून कानाला लावला, उगाच. हेही भरणंच, नाही का? आणि एकदा हे दिसलं की जिकडेतिकडे तेच दिसायला लागलं, म्हणजे ताटात एक खडा लागला की पुढचा प्रत्येक घास जपून चावावा तसं. रिक्षात बसले की मी रिक्षावाल्याला कुठला, किती मुलं म्हणून विचारते. लिफ्टमध्ये शेजाऱ्यांशी हवेबद्दल बोलते. कमळाकर, माझा नवरा, बंदरावरून दमून येतो आणि सोफ्यावर नुसता बसतो, तर मी त्याला दिवसभराचं सगळं ऐकवते, कुणाचा फोन आला, पाणी कधी गेलं. तो म्हणतो, "चालू दे तुझा रेडिओ." इतकी वर्षं मला तो लाड वाटत होता.

पण मी ज्याला घाबरत होते ते हे नव्हतं. ज्याच्या भोवती मन मघापासून फिरत होतं आणि जवळ जात नव्हतं, ते होतं प्रांजल.

प्रांजल माझी एकुलती एक. युक्रेनमध्ये, खारकीवला डॉक्टर व्हायला गेली होती. आमच्या दोन्ही घरांतली पहिली. युद्ध सुरू झालं तेव्हा ती तिथेच होती. ते दिवस मी फोन हातातून खाली ठेवला नाही. तळघरात रेंज नसायची, मग एखादाच मेसेज यायचा, 'ठीक आहे', आणि त्या दोन शब्दांवर आम्ही दिवस काढायचो. ती आली. सांताक्रूझला विमानतळावर मी तिला इतकं घट्ट धरलं, की ती म्हणाली, "मम्मी, श्वास." तिथेच खरं म्हणजे थांबायला हवं होतं मी. पण मी बोलत होते, सबंध रस्ताभर बोलत होते, काय खाशील, मामाचा फोन आला होता, देवीला नवस बोललेय. ती खिडकीतून बघत होती. आणि मग ती कधीच त्याबद्दल बोलली नाही. बाकीच्या मुली कुणी जॉर्जियाला गेल्या, कुणी ऑनलाईन पूर्ण केलं. ही म्हणाली, मला नाही करायचं. कामोठ्याला एका क्लासमध्ये बायोलॉजी शिकवते, नीट परीक्षेची मुलं. सकाळी जाते, संध्याकाळी येते, पेपर तपासते, झोपते. हसते सुद्धा. पण ते हसणं दारात उभं राहून निरोप घेणाऱ्या पाहुण्याचं असतं. विमानातून माझी मुलगी उतरली, आणि घरी काही पोचली नाही. मला ती परत हवी आहे. याहून दुसरं काही मला नको आहे, हे मी इथे सरळच सांगते.

आणि मी काय केलं? मी तिची गोष्ट सांगत सुटले. पाहुणे येतात, हळू आवाजात विचारतात, "कशी आली गं पोर?" प्रांजल पाण्याचे ग्लास घेऊन येते, तोंड उघडते, थांबते. आणि ती थांबली की मी सुरू होते. सगळं पाठ आहे मला. तळघरात आठवडाभर होती, हाल हाल झाले, पण देवाची कृपा बघा, ही सहज म्हणून बाहेर पडली, आणि नेमकी त्याच वेळी आपली इंडियन मुलं स्टेशनकडे निघालेली भेटली! क्षणभर उशीर झाला असता तर राहिलीच असती. तशीच निघाली अंगावरच्या कपड्यांनिशी, हातात नुसती एक कापडी पिशवी. पाहुणे 'बापरे' म्हणतात, डोळे पुसतात. गोष्ट छानच बसते, कुठे तुटत नाही. आणि 'नेमकी त्याच वेळी' आलं की प्रांजल ट्रे उचलून आत जाते. मला वाटायचं, लाजते.

ती पिशवी म्हणजे साधीच, निळ्या फुलांची, धुऊन धुऊन विटलेली. आल्यावर मी ती बाजाराला न्यायला लागले, आपली पिशवी म्हणून, तर एकदा प्रांजलने माझ्या हातून ती ओढून घेतली आणि कांदे फरशीवर सांडले.  मग ते वाकून वाकून गोळा केले.

शुक्रवारी संध्याकाळी ती आली तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. गेल्या काही दिवसांपासून आमच्याकडे विमानांचा आवाज सुरू झाला आहे. नवा विमानतळ म्हणजे करंजाड्याच्या उशाशीच. सोसायटीतली माणसं पहिल्या पहिल्यांदा गच्चीवर जाऊन व्हिडिओ काढायची. विमानाचा आवाज आला की प्रांजल हातातलं काम ठेवते आणि बाथरूमच्या दारात जाऊन उभी राहते, आत नाही, चौकटीत. तिथे भिंत दोन्ही बाजूंनी असते. आवाज जाईपर्यंत उभी राहते आणि परत येते. हे मला पहिल्या दिवशीच दिसलं होतं, आणि त्यावर मी शोधलेला उपाय म्हणजे मिक्सर. लांबून घरघर ऐकू आली की मी मिक्सर लावते. खोबरं नसलं तर नुसतं पाणी फिरवते. त्या संध्याकाळी पण आवाज आला, माझा हात बटणाकडे गेला, आणि मधेच समृद्धीचं ते वाक्य आडवं आलं. का वाजवता? मी बटण दाबलंच. मिक्सर फिरला, विमान गेलं, प्रांजल चौकटीतून परत आली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "त्यात काही नाहीये, मम्मी. रिकामाच फिरतोय."

जेवताना कमळाकरने विषय काढला. त्याला वाटतं विषय काढले की सुटतात. "प्रांजल, रविवारी येतेस ना? मम्मीचा प्रोग्रॅम हाय." तो वैतागला किंवा खूश असला की 'हाय'वर येतो. प्रांजलने वरण भातात कालवलं, कालवत राहिली. "कशावर आहे माहितीये मला," ती म्हणाली. "नाही येणार मी."

"अगं, पण ती मुलगी फार चांगली आहे," मी सुरू झाले, "तुझ्याच एवढी, आणि फिल्ममध्ये तसं भयंकर काही नाही, बॉम्ब वगैरे काही दाखवलेलं नाही, नुसत्या बायका आहेत, बोलतात, चहा पितात..."

"मम्मी." ती मोठ्याने नाही बोलली. "तू त्याच्यावर वाजवणार?"

"म्हणजे?"

"काही नाही." तिने ताट उचललं. कमळाकर माझ्याकडे बघत होता. मला तेव्हा पहिल्यांदा भीती वाटली, ती वाजवण्याची नाही. भीती ही वाटली की रविवारी मी वाजवेन, छान वाजवेन, लोक टाळ्या वाजवतील, आणि त्यानंतर ही मुलगी माझ्याशी बोलण्याचा विचारसुद्धा कधी करणार नाही. तिची गोष्ट माझ्या तोंडून सांगणं वेगळं. हे तर तिला चाल लावणं झालं. सत्यजीत सरांना नाही म्हणून कळवावं असं वाटलं. फोन हातात घेतला, ठेवला. नाही म्हटलं असतं तरी प्रांजलने काही विचारलं नसतंच. शनिवारी दिवसभर क्लास घेतले. एक छोटी मुलगी सुट्टीच्या मात्रेवर प्रत्येक वेळी बोट टेकवत होती. "इथे रेस्ट आहे, बाळा, रेस्ट," मी म्हणत होते. ती म्हणाली, "पण मिस, तिथे बोअर होतं." मला हसू आलं आणि लगेच रडू आलं, आणि मी तिला पाणी प्यायला पाठवलं.

रविवारी सकाळी कमळाकर बाजारातून कोळंबी घेऊन आला. "आल्यावर सोल," म्हणाला. रविवार म्हणजे मासळी, मग जगात काहीही होवो. मी ती धुऊन पातेल्यात घालून फ्रीजमध्ये ठेवली, हात लिंबाने चोळले, साबणाने धुतले. गाडीत मागच्या सीटवर माझा इलेक्ट्रिक पियानो आडवा घातला होता, म्हणून मी पुढे. प्रांजलच्या खोलीचं दार बंद होतं. वाटेत मी कमळाकरशी बोलले नाही. त्याने दोनदा वळून पाहिलं, म्हणाला, "बरं नाही काय?" हाताला अजून वास होता. लिंबाच्या खालून येणारा कोळंबीचा वास कधी जात नाही. आणि त्या वासावरून मला एकदम माझी आई दिसली, बापाच्या सावलीत इतकी वर्षं न दिसलेली.

कृष्णाबाई. तिला गाता येत नव्हतं, वाजवता येत नव्हतं, बोलणंही बेताचं. आमच्या आळीत एखाद्या बाईची होडी बाहेर असली, वारा फिरला आणि बाकीच्या होड्या आल्या पण तिची आली नाही, की माझी आई कोळंबीचं टोपलं उचलायची आणि त्या बाईच्या ओट्यावर जाऊन बसायची. शेजारी. समोर नाही. समोर बसलं की त्या बाईला तोंड दाखवावं लागतं. बसायची आणि सोलायला लागायची. काही विचारायचं नाही. येतील, असं म्हणायचं नाही. देवाचं नाव काढायचं नाही. मी एकदा तिच्याबरोबर होते, मला ते सहन होईना, मी विचारलं, "आये, कवा येनार गं होडी?" तर तिने माझ्या पाठीत असा एक धपाटा घातला, की मी आयुष्यात विसरणार नाही. पण मी विसरले होतेच की. नंतर घरी म्हणाली, "तिला बोलायचं आसंल तर ती बोलंल. आपून तिथं हाव, एवढंच तिला कलायला पायजे." कोळंबी संपली तर लसूण घ्यायची, लसूण संपला तर तांदूळ निवडायला. पण उठायची नाही. होडी आली की टोपलं उचलून घरी. नाही आली तरी तिथेच.

मला ज्याने पेटी शिकवली त्याचं मी आयुष्यभर सांगत आले. हे जिने शिकवलं तिच्याकडून मी काही शिकले, असंही कधी म्हटलं नाही.

हॉल बऱ्यापैकी भरला होता. खारघरची कॉलेजची मुलं, पनवेलचे जुने मेंबर, पुढच्या रांगेत आमच्या गाणाऱ्या मंडळाच्या बायका, खास माझ्यासाठी आलेल्या, गजरे घालून. समृद्धी दाराशी उभी होती, तिने मला हात केला. दिवे गेले. मी पडद्याच्या डावीकडे, लहानसा दिवा पट्ट्यांवर. व्यायामशाळेच्या भिंतीवर चढायच्या शिड्या, त्यांना वाळत टाकलेले मोजे. रांगेने खाटा. एक म्हातारा सगळ्यांचे फोन चार्जिंगला लावून त्यांच्यावर पहारा देत बसलेला. मी वाजवत होते. फार नाही, डाव्या हाताने एक सूर आणि त्याच्या आसपास थोडं हिंडणं. खाटांमधून पळणारी मुलं आली तेव्हा माझी बोटंही पळाली, पुढच्या रांगेतून पसंतीचा आवाज आला. बरं चाललं होतं. पण ती बाई जवळ येत होती.

आली. खाटेच्या कडेवर बसलेली, माझ्याच वयाची, जाड स्वेटर. समृद्धीचा आवाज कॅमेऱ्यामागून विचारतो, घरी काय राहिलं? खाली मराठीत अक्षरं येतात. बाई सांगते, तळघरात टोमॅटोच्या बरण्या राहिल्या. काकड्यांच्या. चेरीचा मुरांबा, तो या वर्षी घट्ट झाला होता. शिवणाचं मशीन. दाराशी नवऱ्याचे बूट. आणि मग ती थांबते. अक्षरं जातात. पडद्यावर नुसता चेहरा, आणि स्वेटरवरचे लोकरीचे गोळे एकेक करून काढणारा हात.

माझे हात धावले. खरंच धावले, मी ते हवेत पकडले म्हणायला हवं. पट्ट्यांच्या वर, एवढ्याशा अंतरावर, सगळी बोटं वाकलेली, तयार. बाप कानाशी होता, तवाच तर पेटीचं काम हाय, पोरी. मी हात मांडीवर ठेवले. ते मांडीवर वाजायला लागले, तर मी ते एकमेकांत अडकवले. हॉलमध्ये प्रोजेक्टरच्या पंख्याची घरघर तेवढी. मग कुणीतरी खाकरलं. खुर्ची वाजली. मागून एक आवाज, "बंद पडला काय पियानो?" गजरेवाल्यांपैकी कुणीतरी मला डोळ्यांनी विचारत होतं, काय झालं? आणि सत्यजीत सर, देव त्यांचं भलं करो, अंधारात ओणवे होऊन माझ्या पायाशी आले आणि माझी वायर चाचपायला लागले. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून नको म्हणून मान हलवली. ते तसेच बसून राहिले खाली.  एखाद्याला पाण्यात गटांगळ्या खाताना बघत काठावर नुसतं बसावं तसं वाटत होतं. हातात दोर असून न टाकणारी मी. आणि हातांकडे बघायचं काही कारण उरलं नव्हतं, म्हणून मी वर बघितलं. तालमीत त्या वेळी मी पट्ट्यांकडे बघत असे. पहिल्यांदाच मी तिच्याकडे बघितलं. ती गटांगळ्या खात नव्हती. ती तिच्या मागे राहिलेल्या घरात हिंडत होती. एकेका खोलीत जात होती, दारं लावत होती, आणि आम्ही सगळे बाहेर ओट्यावर थांबलो होतो. मग तिने वर पाहिलं, कॅमेऱ्याच्या थोडं वर, जिथे समृद्धीचं तोंड असणार, आणि अगदी हळू काहीतरी विचारलं. खाली अक्षरं आली. 'तुझी आई आहे ना गं?'

आणि समृद्धीचा आवाज, 'हो.'

'तिला सगळं सांगतेस?'

त्याला समृद्धीने उत्तर दिलेलं नाही. फिल्ममध्ये पुढे खिडकी येते. तालमीत हे माझ्या सुरांखाली गाडलं गेलं होतं. मी खिडकीवरही वाजवलं नाही. बऱ्याच वेळाने एक सूर लावला, तो फक्त मी आहे एवढं कळावं म्हणून.

दिवे लागले, टाळ्या झाल्या, जरा गोंधळलेल्याच. मंडळाच्या बायका म्हणाल्या, मधे काय गं झालं, आम्हाला वाटलं चक्कर आली. समृद्धी आली आणि माझे दोन्ही हात धरून उभी राहिली. तिच्याकडेही एखाद वेळी वाक्य नसतं म्हणजे. मी पियानोची वायर गुंडाळत होते, तेव्हा स्टँडचं दुसरं टोक कुणीतरी उचललं. प्रांजल. शेवटच्या रांगेमागे दाराच्या चौकटीत उभी होती म्हणे, सुरुवातीपासून. कमळाकरने काही बोलायला तोंड उघडलं, मी त्याच्याकडे बघितलं, त्याने मिटलं. पियानो मागच्या सीटवर आडवा आणि उरलेल्या जागेत प्रांजल अंग चोरून.  माझ्या जिभेवर शंभर गोष्टी होत्या. कशी आलीस, रिक्षाने? कधी आलीस? आवडली का? मी त्या एकेक गिळत होते आणि खिडकीतून दुकानांच्या पाट्या वाचत होते.

घरी आल्यावर मी साडी बदलली, कोळंबीचं पातेलं काढलं आणि स्वयंपाकघराच्या फरशीवर बसले. एरवी मी ओट्याशी उभी राहून सोलते. आज खाली बसले, भिंतीला टेकून, आणि शेजारी जागा ठेवली. प्रांजल बाथरूमला गेली, खोलीत गेली, पाणी प्यायली, परत खोलीत गेली. मग आली आणि माझ्या शेजारी बसली. समोर नाही. तिने एक कोळंबी उचलली, डोकं मोडलं, कवच सोललं, पाठीतला काळा दोरा ओढून काढला. हे तिला कृष्णाबाईनेच शिकवलं होतं. आम्ही दोघी सोलत राहिलो. विमान आलं. आवाज वाढत वाढत पार डोक्यावर आला, भांड्यांच्या मांडणीतली एक वाटी थरथरली. माझी नजर मिक्सरकडे गेली आणि परत आली. प्रांजल उठली नाही. तिचा खांदा माझ्या खांद्याला लागला आणि तिथेच राहिला, आवाज जाईपर्यंत, गेल्यावरही.

"मी सहज नव्हते बाहेर पडले," ती म्हणाली.

मी हातातली कोळंबी सोलली.

"तू सांगतेस ना, सहज बाहेर पडली म्हणून. खालच्या मजल्यावर हलीना होती. म्हातारी होती, तिला एकटीला जिने जमायचे नाहीत. तळघरात तिने मला तिचं ब्लँकेट दिलं होतं. त्या दिवशी मी तिला म्हटलं, मी ब्रेड घेऊन येते. तिने मला तिची पिशवी दिली." ती थांबली. हातातल्या कोळंबीकडे बघत होती. "कोपऱ्यावर ती मुलं भेटली. म्हणाली, आत्ताच, नाहीतर ट्रेन जाईल. मी वर तिच्या खिडकीकडे बघितलं पण नाही, मम्मी. पिशवी घेऊन तशीच गेले. ती वाट बघत असेल."

आणि ती गप्प झाली.

माझ्या तोंडात सगळं तयार होतं. तू काय करणार होतीस, बाळा. तुझा जीव वाचला. तिला कुणीतरी नेलं असेल. देवाने तुला. एकेक शब्द असा आला, की जणू बुवाचा श्वास तुटलाय आणि आयकनाऱ्याला दिसता कामा नये. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते पुसायला हात नव्हते, दोन्ही हात कोळंबीचे. बाहेरच्या खोलीत कमळाकरने टीव्ही लावला आणि का कोण जाणे, लगेच बंद केला. पातेलं रिकामं झालं होतं. प्रांजल तशीच बसली होती, गुडघे पोटाशी घेऊन, आणि तिचा खांदा अजून माझ्या खांद्याला होता.

मी हात लांब करून टोपलीतला लसणाचा गड्डा ओढला, फोडला, आणि एकेक पाकळी सोलायला घेतली.